दुसऱ्या पाणाड्याला सांगायचं नसतं

आमच्या भागात बोअर पाडायचा असला तर एका पाणाड्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. पाणाडी म्हणजे तळहातावर नारळ आडवा घेऊन रानातून चालणारा माणूस. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी. पहिला पाणाडी येतो, जागा दाखवतो, चहा पिऊन जातो. तो गेला की तिथं दगड ठेवायचा नाही, खुंटी ठोकायची नाही. मातीत एक खिळा दाबायचा आणि वर ढेकूळ सरकवायचं. मग दुसऱ्या गावचा दुसरा पाणाडी बोलवायचा. आधी कुणी येऊन गेलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. तो चालत चालत खिळ्यापाशी थांबला तर बोअर पाडायचा. नाही थांबला तर दोघंही खोटे.

मंठाळच्या अंगाला आमचं रान आहे. आमचा खिळा हिनं पुरला होता. ही म्हणजे माझी बायको. आता ती नाही, पण मला दुसरं काही म्हणता येत नाही. दुसऱ्या पाणाड्याचा नारळ खिळ्यापासून वीतभरावर उभा राहिला तेव्हा ती बांधावर तोंडाला पदर लावून हसत बसली होती. पाणी लागलं, भरपूर लागलं. पण जड लागलं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. हंड्याला आतून पांढरा थर बसतो, खरवडला की खपली निघते. पाणी लागलं याचाच आनंद एवढा की ते कसं आहे हे कुणी विचारलं नाही. प्यालो. लेकही प्याली.

लेक एकच, उशिरा झालेली. भालकीला कॉलेजात होती तेव्हा पहिल्यांदा तिच्या डाव्या कुशीत कळ आली. डॉक्टरनं गोल मशीनमध्ये घालून सीटी काढली आणि मुतखडा सांगितला. पाणी बदला, भरपूर प्या, गोळ्या घ्या, म्हणाला. खडा पडला असेल नाहीतर विरघळला असेल, कळ थांबली. काही महिन्यांनी परत आली.

आता पाणाडी बदलायचा, असं हिनं ठरवलं. भालकीची फिल्म पिशवीत घेतली, पण दाखवायला नाही. उदगीरच्या डॉक्टरसमोर खुर्चीत बसताना हिनं ती फिल्म खाली सरकवली आणि वर बसली. डॉक्टरनं विचारलं, "आधी कुठं दाखवलं होतं का?"

"न्हाई साहेब, पहिल्यांदाच आलाव," ही म्हणाली, आणि बसल्या जागी जरा हलली. खालून फिल्म कडाकडा वाजली. डॉक्टरनं खुर्चीकडं बघितलं. मी खोकलो.

त्यानंही सीटी काढायला लावली. डाव्या बाजूला खडा. बाहेर येऊन हिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "जुळलं बगा! दोघं बी एकाच जागी थांबले."

पुढं बिदर झालं, लातूर झालं. कळ थांबायची, परत यायची. प्रत्येक ठिकाणी ही फिल्मवर बसायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उगाच शहाणपणा कशाला सांगू. आमच्याकडं म्हणतात, फोटो न काढता औषध देतो तो कसला डॉक्टर? आणि फोटो म्हणजे फोटोच की. माणूस कॅमेऱ्यापुढं उभा राहिला म्हणून झिजतो काय?

मग हीच आजारी पडली. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ. गुलबर्ग्याला नेलं. पाटीवर आता कलबुर्गी लिहितात, आमच्या तोंडात गुलबर्गाच. तिथं तिला शेक दिले. मशीनमधून किरण सोडतात आणि आजार जाळतात, त्याला शेक म्हणतात. चुलीत भाजलेल्या वांग्यासारखी कातडी झाली तिची, बेंबीच्या खाली. लुगडं सहन होईना. लेकीचं लग्न घाईनं उरकलं होतं, संतपूरकडं दिलेली. तरी ती नवऱ्याकडून येऊन आईपाशी राहायची.

तिथंच तिला कळ आली. आईच्या खाटेचा गज धरून खाली बसली. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती, मराठी येणारी. तिनं लेकीला स्टुलावर बसवलं, पाठीत बुक्की मारून बघितलं आणि विचारलं, "आधी सीटी किती वेळा झाली?"

उत्तर खाटेवरून आलं. ही बोटं मोजायला लागली. "भालकीला झाली. उदगीरला झाली. बिदरला... बिदरला दोनदा का वो? मग लातूर."

डॉक्टरणीनं लिहायचं थांबवलं. "एवढ्या? जुन्या फिल्म दाखवल्या नव्हत्या का?"

"दाखवल्या असत्या तर त्यानं बी तेच सांगितलं असतं की, बाई!"

मी हसलो. डॉक्टरीण हसली नाही. स्टूल ओढून खाटेजवळ बसली. "मावशी, तो नुसता फोटो नसतो. साध्या एक्सरेपेक्षा त्यात किरण पुष्कळ जास्त जातात."

ही उठून बसायला बघत होती. "म्हंजे मला द्यायलेत तेच?"

"तेच नाही. जात एक, पण तुम्हाला देतात ते फार जोरात, आजार जाळायला. तिला गेले ते त्यापुढं फारच थोडे. गरज असली तर सीटी काढायचीच, तेव्हा भ्यायचं नाही. पण पोरगी तरुण आहे. पुढं सगळं आयुष्य आहे. थोडं थोडं साठत जातं. ते विनाकारण कशाला साठवायचं? सोनोग्राफीत किरण नसतात, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि नवा डॉक्टर केला की आधीचं सगळं त्याच्यापुढं ठेवायचं."

"साठल्यावर काय व्हतं?"

डॉक्टरणीनं इकडंतिकडं बघितलं. त्या वॉर्डात ते नाव घ्यायची गरज नव्हती, प्रत्येक खाटेवर तेच होतं. "पुढं कधीतरी असा आजार व्हायची शक्यता थोडी वाढते," ती म्हणाली.

"थोडी म्हंजे किती?"

"थोडीच, मावशी. तिला होईलच असं मुळीच नाही."

चांगली बाई होती. खरं बोलली, जपून बोलली. पण कॅन्सरच्या वॉर्डात थोडी हा शब्द कुणाला कळतो? ही भिंतीकडं तोंड करून पडली. लेकीला तिथं सोनोग्राफीच केली, औषध दिलं, कळ गेली. हिचं तोंड काही वळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लेकीला शेकाच्या खोलीजवळ फिरकू दिलं नाही. "तू बाहेर जा. झाडाखाली बस जा."

"अव्वा, भिंतीतून येत न्हाई म्हणतेत ते."

"म्हणूंद्या. तू जा म्हणलं की जायचं!"

तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. राउंडला डॉक्टर आले की म्हणायची, माझं राहू द्या, पोरीचं काय ते सांगा. लोक मला म्हणतात, तुझ्या बायकोचं डोकं फिरलं होतं. त्यांना काय सांगू? लेकराला चांगला डॉक्टर मिळावा म्हणून तिनं डॉक्टर पारखले. पाणी असंच पारखतात, बैल असाच पारखतात. तिला त्यावरून कुणी नाव ठेवलं तर मी त्याच्या ओट्यावर पाय ठेवत नाही.

मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस झाली आणि ती गेली. जायच्या आधी एकदा मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडंल. रडली नाही. म्हणाली, "ओ, आता कुणाला पारखू नका. जिथं न्याल तिथं सगळं सांगा." मी व्हय म्हणलं.

आमच्यात पुरतात. रानातच पुरली, बोअरच्या वरच्या अंगाला.

यंदा पंचमीला लेक आली. आई गेल्यावरची पहिली पंचमी. सकाळी वारुळाला दूध घालून ती रानात आली. मी बोअरचं बटण दाबायला गेलो होतो. बघितलं तर ती आईच्या समाधीपाशी उभी. पुष्कळ वेळ उभी. ओठ हलत होते. मला वाटलं, रडायली. मी तिकडं गेलो नाही. जाऊन काय बोलणार? बाप आणि लेक यांच्यात जे बोलणं असतं ते सगळं आई मधे असली तरच होतं. आम्हाला दोघांना एकमेकांशी थेट बोलायची सवयच नव्हती.

दुपारी ती दिंडं उकडायला बसली होती. पंचमीला आम्ही तवा ठेवत नाही, सगळं उकडलेलं. पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. आत गेलो तर ती कूस धरून जमिनीवर वाकडी झालेली. तोंड पांढरं. ओकारी झाली.

"अप्पा, तीच कळ. पण लई जोरात हाय."

गल्लीत एकाची जीप आहे. माझ्याहून वयानं लहान, पण मी त्याला अण्णाच म्हणतो, सगळेच म्हणतात. तोंडाचा फटकळ आहे, पण हाक मारली की येतो. त्यानं जीप काढली. लिंबाला पंचमीचा झोका बांधलेला, गल्लीच्या मधोमध. पोरींनी दोर ओढून धरला, तेव्हा जीप खालून निघाली. मी फिल्मची पिशवी घेतली होती. चप्पल घालायची विसरलो, ती नाही विसरलो.

बसवकल्याणला एका दवाखान्यात नेलं. सणाचा दिवस, मोठा डॉक्टर नव्हता, एक पोरगेला डॉक्टर होता आणि बाहेर ही गर्दी. त्यानं पोट दाबलं, लेक किंचाळली. मी पिशवी टेबलावर उपडी केली. "साहेब, हे बगा. आधी इतक्या वेळा झालंय. सगळं हाय, काही लपवलं न्हाई."

त्यानं वरची एक फिल्म उजेडाला धरली. "बाबा, हे जुनं. खडा आत्ता कुठं अडकलाय ते यात कसं दिसणार? सीटी करू, लगेच कळेल."

"सोनोग्राफी चालत न्हाई का?"

"सोनोग्राफीवाले डॉक्टर संध्याकाळी येतात. थांबता का तोवर?"

लेक टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. मी काय म्हणणार, थांबतो? गरज असली तर काढायचीच, भ्यायचं नाही, असं त्या डॉक्टरणीनंच सांगितलेलं. म्हणलं, करा. हिला दिलेला शब्द मी पाळला होता. सगळं दाखवलं होतं.

कागद करताना नर्सनं मोठ्यानं विचारलं, "लग्न झालंय ना? पाळी चुकलीय का?"

मी भिंतीकडं बघितलं. असं काही निघालं की बापानं भिंतीकडं बघायचं असतं. लेकीनं खाली बघून मान हलवली, नाही म्हणून. नर्सनं कागदावर खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

सीटीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. दारावर लाल दिवा आणि दिव्याखाली पाटी. वर कन्नड, खाली इंग्रजी. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या वेळी मराठी शाळा चौथीपर्यंत होती, पुढं मी रानात गेलो. लेकीला दोन्ही वाचता येतं. ती कळ दाबून बसली होती आणि डोळे त्या पाटीवर. कळ आली की मिटायचे, गेली की परत तिथंच.

"काय लिहिलंय गं?"

"काय न्हाई."

"एवढं मोठं लिहिलंय अन् काय न्हाई?"

"चपला बाहेर काढा म्हणून लिहिलंय, अप्पा."

तेवढ्यात दार उघडलं, मशीनवाली बाई बाहेर आली. तिच्या पायात चप्पल. आतून एका माणसाला स्ट्रेचरवर आणलं, ढकलणाऱ्या दोघांच्या पायात बूट. मी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग लेकीकडं. तिनं तोंड फिरवलं.

तिचा नंबर आला. मशीनवालीनं सांगितलं, अंगावरचं धातूचं सगळं काढा. लेकीनं पिना काढल्या, कमरेचा चांदीचा आकडा काढला, आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून माझ्या हातात दिली. ती डबी आमच्यात कुणी अंगावेगळी करत नाही. पहिल्या खेपांना ती तिच्या आईच्या हातात असायची. आता माझ्या. डबी घामानं ओली होती आणि तिची बोटं माझ्या तळहातावर जरा जास्त वेळ राहिली. मग ती आत गेली. दार लोटलं.

अण्णा जीप लावून, तंबाखू मळत आला. "झालं का आत घेणं?"

"अण्णा, ती पाटी वाच."

"कामून? तुम्ही काय मशीन इकत घ्यायलाव का?"

"वाच म्हणतोय ना!"

त्यानं वाचली. तंबाखूचा हात तसाच राहिला. माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाला, "बाई पोटुशी असली तर, नाहीतर तसा संशय असला तर, मशीनवाल्याला आधी सांगा. असं लिहिलंय, अप्पा."

ऐकलं आणि सकाळचं सगळं एका जागी आलं. समाधीपाशी हलणारे ओठ. ती रडत नव्हती, ती बोलत होती. आमच्यात पहिले दिवस गेले की बाई नवऱ्याच्या आधी आईला सांगते. तिसरा महिना लागेपर्यंत सासरी कळू देत नाही, आणि बापाला तर पोट दिसल्यावरच कळतं. ती आईला सांगून आली होती. आणि आईकडून आता मला काही कळणार नव्हतं.

दार आतून बंद नव्हतं. ढकललं आणि आत गेलो. गार खोली, मधे ते गोल मशीन, आणि लेक फळीवर उताणी, दोन्ही हात डोक्यामागं. फळी वर चढायला लागली होती. काचेमागून मशीनवाली ओरडली, "आजोबा! बाहेर! बाहेर व्हा आधी!"

मी फळीची कड धरली. सत्तरी ओलांडलेला माणूस, लेकीच्या तोंडावर वाकून उभा. जे आयुष्यात कधी तिच्यापुढं उच्चारलं नव्हतं ते बोललो.

"दिवस गेलेत का तुला?"

तिनं डोक्यामागचा हात काढून डोळ्यांवर घेतला.

"सांग! मेली लाज! तुझी आई असती तर तिनं विचारलं असतं. ती न्हाई. मी विचारायलोय. गेलेत का?"

"नक्की न्हाई, अप्पा." आवाज हाताखालून आला. "दुसरा लागला असंल. अव्वाला सांगितलंय सकाळी."

मशीनवाली काचेमागून बाहेर आली होती. ती तापलेली होती, पण तिनं ते ऐकलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. फळी थांबली. "मघाशी नर्सनं विचारलं तर न्हाई म्हणाली की ही!"

"मघाशी बाप पुढं व्हता."

"मग आता कोण हाय?"

"आता बी बापच हाय. पण विचारायला दुसरं कोण न्हाई."

तिनं लेकीच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि म्हणाली, "उतर बाई खाली. आधी लघवी तपासू." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही जावा आता. चपला बी न्हाईत पायात, फरशी गार हाय."

तपासणीत निघालं. होते दिवस. पोरगेल्या डॉक्टरनं दोन्ही हातांनी केस मागं सारले आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरला फोन लावला. सणाचं ताट सोडून या, असं काहीतरी कन्नडात बोलला. लेकीला चालेल अशी सुई दिली. आम्ही थांबलो. कळ तिची थांबत नव्हती. तिनं माझा हात धरला होता आणि कळ आली की ती तो पिळायची. बाईच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. हिच्या दोन्ही बाळंतपणांना, एक जगलं नाही, मी रानातच होतो.

सोनोग्राफीवाला आला. वयस्क, टक्कल पडलेला, तोंडात अजून सुपारी. त्यानं खुर्ची ओढायच्या आत मी सुरू झालो. डाव्या बाजूला दुखतंय, भालकीला झाली, उदगीरला झाली, बिदरला बहुतेक दोनदा, लातूरला झाली, गुलबर्ग्याला सोनोग्राफी, बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, आई कॅन्सरनं गेली, दिवस गेलेत, दुसरा लागलाय, सासरी माहीत नाही.

"अहो बाबा," तो म्हणाला, "मला बघू तरी द्या!"

"आधी ऐका, मग बगा."

"सगळं तुम्हीच सांगितलं तर मी काय सांगू?"

"जे राहिलं ते सांगा."

त्यानं मला बाहेर काढलं. बाहेर अण्णा उभा होता. त्यानं तंबाखू पुढं केली, मी घेतली नाही. मला एवढंच कळत होतं की आत आता दोन गोष्टी दिसणार, आणि त्यातली एक चुकीची दिसली तर मी लेकीला घेऊन घरी कसा जाणार? बोअर पाडताना मशीन दगडाला लागतं, नुसती धूळ उडते, तेव्हा माणूस असाच उभा राहतो. पाणी म्हणता येत नाही, कोरडा म्हणता येत नाही.

दार उघडलं. डॉक्टर बेसिनमध्ये सुपारी थुंकून आला. "खडा खाली उतरलाय, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी. लहान आहे. पाणी प्या, पडेल. नाही पडला तर या. ताप आला तर लगेच या, एक तासही थांबू नका."

"अन् ते?"

"ते नीट आहे. ठोका आहे. तिनं ऐकला."

मी भिंतीला टेकलो. मग विचारलं, "साहेब, ते मशीन सुरू झालं असतं तर?"

"एका वेळेनं सगळं संपलं असतं असं नाही, बाबा. पण टाळता आलं ते बरं झालं."

"अन् मागं जे झाल्यात? ते याला लागतंय का?"

"या बाळाला नाही."

"पोरीला?"

"तिला थोडं. ते आता मोजत बसून उपयोग नाही. इथून पुढं जपा."

परत थोडं. हा शब्द मी आता रोज घेऊन उठतो. सकाळी बोअरचं बटण दाबतो, समाधीकडं बघतो आणि मनात म्हणतो, थोडं म्हणजे किती गं? ती असती तर तिनं डॉक्टरला भांडून विचारलं असतं.

लेकीला घरी आणलं. दवाखान्यातून सांगितलं होतं की लघवी गाळून बघा, खडा पडला की कळेल. घरात चहाची गाळणी होती, तीच तिला दिली. मी ओसरीवर बसून राहायचो, ती परसातून आली की तोंडाकडं बघायचो. ती मान हलवायची, नाही. पिण्याचं पाणी अण्णा जीपमधून मंठाळहून कॅनमध्ये आणत होता. म्हणाला, "अप्पा, सगळं गाव बोअरला पाणी लागलं का विचारतं, तुम्ही खडा पडला का विचारायलाव."

एका दुपारी ती परसातून आली आणि गाळणी माझ्यापुढं धरली. ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट, काटेरी. एवढ्याशासाठी भालकी, उदगीर, बिदर, लातूर. मी गाळणी उकिरड्यावर फेकून दिली. लेक हसायला लागली. "अप्पा, धुतली असती की!" आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

ती परत निघाली तेव्हा म्हणाली, "अप्पा, सासूबाईला तुम्हीच सांगा."

"मी? हे मी सांगायचं?"

"मला विचारलाव तसं."

गेलो संतपूरला. आता कशाची लाज? विहीणबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, दिवस, खडा, मशीन, मागच्या सीट्या. विहीणबाई कष्टाळू आहेत, सोयाबीन काढायला दोघा गड्यांना ऐकत नाहीत. त्यांनी डोळे पुसले, देवापुढं साखर ठेवली आणि लगेच म्हणाल्या, "आमच्या औरादला एक डॉक्टर हाय. उद्याच नेऊ. पण त्याला पयलं काय सांगायचं न्हाई हं, इवाई. बघू की तो काय काढतो ते."

मी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. म्हणलं, हे सगळं त्याच्यापुढं ठेवायचं, तो बोलायच्या आधी.

"व्हय व्हय, ठेवू की," त्या म्हणाल्या. सुनेला हाक मारली, चहा ठेवायला सांगितलं, आणि पिशवी बाजूच्या खुर्चीवर टाकून त्याच खुर्चीत बसल्या. खालून फिल्म कडाकडा वाजली.

तो आवाज मी ओळखतो. लेक दारात उभी होती, तिनंही ओळखला. पाहुण्याच्या घरात, विहिणीशी, कसं बोलायचं असतं ते मला माहीत आहे.

"विहीणबाई, उठा," मी म्हणलं. "त्याच्यावर बसू नका."